कॅबिनेट सॉ घेताना पात्यामागची वीतभर जागा पाहा

वाचकाचे पत्र: "भोसरीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३३ वर्षे नोकरी करून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. धायरीला आमचे बैठे घर आहे आणि त्याच्या मागची १२ बाय १८ फुटांची शेड मी सुतारकामासाठी मोकळी केली आहे. आजवर हातरंधा, पटाशी आणि एक लहान जॉबसाइट टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची, उचलून नेता येणारी करवत) एवढ्यावर दोन टीपॉय, नातवाचा पाळणा व पुस्तकांचे एक कपाट केले. आता सागवानात जेवणाचे टेबल, सहा खुर्च्या आणि पुढे मुलीसाठी पलंग करायचा आहे, म्हणून चांगली कॅबिनेट सॉ, म्हणजे जाड पेटीवर बसवलेली भारी टेबल सॉ, घ्यावी असे मनात आहे. मुलगा पुढच्या वर्षी अमेरिकेहून कायमचा परत येत आहे. तो म्हणतो, बोट लागताच थांबणारी तिकडची सॉ कंटेनरमधून आणतो. भवानी पेठेतले ओळखीचे व्यापारी म्हणतात, थोडे पैसे घाला आणि मोठी पॅनेल सॉ घ्या, आयुष्यभर पुरेल. घरी सिंगल फेज जोडणी आहे. एकूण खर्चाची तयारी तीन ते साडेतीन लाखांची आहे. पत्नीला मात्र माझ्या बोटांची काळजी वाटते. आपण काय सुचवाल?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो, कारण ती लांबणार आहेत. पॅनेल सॉ घेऊ नये. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली सॉ तेथून उचलून आणू नये. १० इंची पाते, ३ अश्वशक्तीची सिंगल फेज व ५० हर्ट्झची मोटर, बिडाचे टेबल आणि पात्याबरोबर वरखाली होणारी रायव्हिंग नाइफ (पात्यामागे उभी असणारी, काप मिटू न देणारी पट्टी), अशी कॅबिनेट सॉ इथेच, प्रत्यक्ष हात लावून पाहून घ्यावी. ठरवलेल्या रकमेपैकी साठ टक्क्यांहून अधिक पैसे यंत्रावर घालवू नयेत. उरलेले वायरिंग, भुसा ओढणारे यंत्र आणि पाती यांनाच लागणार आहेत, आणि ते लागणार आहेत हे बहुतेकांना यंत्र शेडमध्ये उतरल्यानंतर कळते.

पॅनेल सॉविषयी फार लिहीत नाही. व्यापाऱ्यांचा सल्ला त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी बरोबर आहे. मॉड्युलर किचन आणि कपाटे करणाऱ्या वर्कशॉपमध्ये दिवसाला लॅमिनेट लावलेल्या प्लायचे वीस-पंचवीस ताव कापले जातात. तेथे सरकते टेबल, मुख्य पात्यापुढे चालून लॅमिनेटवर आधी उथळ रेघ पाडणारे लहान स्कोअरिंग पाते आणि थ्री फेजची मोटर यांचा उपयोग आहे. पण त्या यंत्राचे सरकते टेबलच बहुधा ३.२ मीटरचे, म्हणजे साडेदहा फुटांचे असते आणि ते पुढे-मागे पूर्ण सरकायचे म्हटले की त्याच्या दुप्पट लांबी मोकळी लागते. आपली शेड अठरा फुटांची आहे. यंत्र आत मावेल, पण चालणार नाही.

जागेचा हाच हिशेब कॅबिनेट सॉलाही लागू आहे, म्हणून शेडच्या फरशीवर खडूने आखून पाहा. प्लायचा पूर्ण ताव ८ बाय ४ फुटांचा. तो उभा कापायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट, पलीकडे आठ फूट आणि आपल्याला उभे राहायला किमान दोन फूट हवेत. अठरा फूट तिथेच संपले. भिंतीला टेकलेली फळ्यांची चवड, वर्कबेंच, काहीही मोजलेले नाही. यातून मार्ग दोन आहेत. यंत्र असे बसवावे की पात्याची रेषा दाराच्या मधोमध येईल आणि लांब माल उघड्या दारातून बाहेर जाईल. किंवा, आणि मला हाच मार्ग अधिक पसंत आहे, पूर्ण ताव टेबल सॉवर चढवण्याचा हट्टच सोडावा. अठरा मिलिमीटर प्लायचा ताव तीस किलोंच्या पुढे भरतो आणि आपल्या वयाला (माझ्याही) तो एकट्याने सरळ रेषेत ढकलणे हे काम नव्हे. जमिनीवर थर्माकोलचा जाड ताव पसरून त्यावर प्लाय ठेवावा, ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून सरकणाऱ्या ट्रॅक सॉने मोठे तुकडे करावेत आणि मगच नेमके माप टेबल सॉवर काढावे. तसेही आपला खरा बेत सागवानाचा आहे, प्लायचा नाही. त्यामुळे फेन्सचा (माल ज्याला टेकवून सरळ ढकलतो त्या आडपट्टीचा) रूळ ३६ इंची पुरेल. ५२ इंची रूळ घेतला की यंत्र सुमारे सात फूट रुंद होते आणि बारा फुटी शेडमध्ये त्याला वळसा घालून जाताना रोज मांडीला कोपरा लागतो.

आता मुलाच्या सूचनेकडे वळतो. ती प्रेमाने केलेली आहे आणि अर्धी बरोबर आहे. त्या बरोबर असलेल्या अर्ध्या भागाविषयी पुढे लिहितो. अडचण विजेची आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. आपण टूलरूममध्ये होतात, त्यामुळे इंडक्शन मोटरचा वेग फ्रीक्वेन्सीवर ठरतो हे आपल्याला सांगायला नको. तिकडे मिनिटाला ३४५० फेरे घेणारी मोटर इथे सुमारे २८७५ फेरे घेईल आणि पात्याचे ४००० फेरे ३३०० च्या आसपास येतील. काप थोडा खरखरीत येईल, इतकेच असते तर मी आग्रह धरला नसता. पण त्याच व्होल्टेजला फ्रीक्वेन्सी उतरली की मोटरच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह वाढतो, गाभा संपृक्ततेकडे जातो, मोटर रिकामी फिरतानाही जास्त करंट ओढते आणि तापते. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये दोन इंची सागवान कापताना ती किती तापेल, याचा अंदाज आपण करू शकता. अनेक उत्पादक ५० हर्ट्झची वेगळी आवृत्ती काढतात. तीच आणायची असेल तर हरकत कमी होते, पण तिकडच्या दुकानात सहज मिळते ती ६० हर्ट्झची. शिवाय तिथल्या दहा इंची यंत्राचा आर्बर (पाते ज्यावर बसते तो दांडा) पाच-अष्टमांश इंचाचा, म्हणजे १५.८८ मिलिमीटरचा असतो आणि आपल्या बाजारात त्या मापाच्या पात्यांचे भोक बहुधा २५.४ किंवा ३० मिलिमीटरचे असते. मधे बुश (उरलेली फट भरणारी कडी) घालून भागवणारे लोक आहेत. चार हजार फेऱ्यांना फिरणाऱ्या पात्याच्या मध्यभागी सैल बुश असावा, असे टूलरूममधल्या माणसाला मी कशाला सांगू?

यंत्र निवडताना 'कॅबिनेट' या शब्दाचा अर्थ मात्र नीट पाहावा, कारण खाली पत्र्याची पेटी लावून कोणतीही सॉ त्या नावाने विकली जाते. पाते, आर्बर आणि ते तिरपे करणारी कमान यांना धरून ठेवणारे ट्रनियन कशाला बोल्ट केलेले आहेत, हा खरा प्रश्न आहे. हलक्या यंत्रांत ते टेबलाच्या खालच्या बाजूला लटकतात. पाते टेबलातल्या माइटरच्या खाचेशी (आडव्या कापाची मार्गदर्शक पट्टी जिच्यात सरकते ती) समांतर करायचे तर खाली वाकून, अंधारात, सगळे वजन पेलत ते सरकवावे लागतात. खऱ्या कॅबिनेट सॉमध्ये ट्रनियन खालच्या जाड पेटीला घट्ट बसवलेले असतात आणि टेबल वर स्वतंत्रपणे चार बोल्टांवर टेकलेले असते. तीन बोल्ट सैल करायचे, एक किंचित पकडून ठेवायचा, लाकडी हातोडीने टेबलाला टिचकी मारायची, पुन्हा मोजायचे. दहा मिनिटांचे काम. अमेरिकेत डेल्टा कंपनीने १९३९ मध्ये युनिसॉ बाजारात आणली, तेव्हापासून टेबल सपाट ठेवून खालचे पातेच तिरपे करण्याची पद्धत रूढ झाली आणि आजची बहुतेक कॅबिनेट सॉ त्याच घडणीची आहे.

दुकानात जाताना आपला डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) आणि एक चांगली स्ट्रेट एज (बिनचूक सरळ पट्टी) घेऊन जा. विक्रेता नाक मुरडील, मुरडू द्या. डायल माइटरच्या खाचेत सरकणाऱ्या पट्टीवर बसवा, पात्याच्या एका दातावर पेनने खूण करा, तो दात पुढच्या बाजूला असताना वाचन घ्या, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा वाचन घ्या. एकच दात वापरल्यामुळे पात्याचा स्वतःचा वाकडेपणा हिशेबातून निघून जातो. फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा. तो जास्त असेल तर बिघडले नाही, पण विक्रेत्याच्या माणसाने तो आपल्यासमोर दुरुस्त करून दाखवावा. मग पाते उतरवून आर्बरच्या फ्लँजवर (पाते टेकते त्या चकतीवर) डायल लावा. येथे मात्र सवलत देऊ नका: ०.०२५ मिलिमीटरपेक्षा जास्त रनआउट, म्हणजे फिरतानाचा डगमग, असेल तर तो पात्याच्या कडेला अनेक पटींनी वाढतो आणि तो कोणत्याही बोल्टाने दुरुस्त होत नाही. टेबलावर स्ट्रेट एज तिरपी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) सारून पाहा, ०.१५ मिलिमीटरची पट्टी कुठेतरी गेली तर चालेल, आणि टेबलाला जोडलेल्या बाजूच्या पंखांवर त्याहून थोडे अधिकही चालेल. आपण मायक्रॉनमध्ये विचार करणारे आहात म्हणून एक सावधगिरीची सूचना. सुतार सुतात मोजतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि सागवान पावसाळ्यात जितके फुगते त्यापुढे आपले मायक्रॉन लटके पडतात. आर्बर व समांतरता यांत काटेकोर राहा, बाकी ठिकाणी स्वतःला मोकळीक द्या.

शेवटी यंत्र चालू करायला सांगा आणि जुने जाड पाच रुपयांचे नाणे टेबलावर कडेवर उभे करून ठेवा. सुरू होताना, पूर्ण वेगात आणि बंद होताना ते उभे राहिले तर पुल्या, पट्टा व बेअरिंग यांविषयी फारसे विचारण्याचे कारण उरत नाही.

आता पात्यामागच्या वीतभर जागेविषयी. माझ्या मते निवड येथेच ठरली पाहिजे आणि नेमकी हीच जागा माहितीपत्रकात सर्वांत कमी दाखवलेली असते. पात्याचे पुढचे दात लाकडाला खाली, टेबलावर दाबतात. मागचे दात खालून वर येत असतात. काप सरळ चालला आहे तोवर मागच्या दातांना लाकूड शिवतच नाही. पण फळी किंचित वाकडी ढकलली गेली, किंवा कापताच लाकडातला ताण सुटून दोन्ही भाग मिटू लागले, की मागचे दात ती फळी उचलतात आणि आपल्याच दिशेने फेकतात. दहा इंची पाते ४००० फेऱ्यांना फिरत असेल तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर असतो, म्हणजे ताशी १९० किलोमीटर.

हे मी वाचून सांगत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडच्या यंत्राला मागे अडकवायचा स्प्लिटर (काप उघडा ठेवणारी पट्टी) होता. लाकडात खाच पाडायची म्हणून कोणीतरी तो काढला आणि फडताळावर ठेवला, आणि तो महिनाभर तेथेच होता. मी रोज पाहत होतो. सागवानाची पाच फुटी, दीड इंच जाडीची फळी उभी कापत होतो. पहिले दोन फूट पाणी कापावे तसे गेले. मग पात्याचा आवाज खाली उतरला, जड झाला. त्या क्षणी काप मिटत होता, पण मला ते कळायला अर्धा सेकंद लागला आणि तेवढ्यात फळी हातातून गेली. ती माझ्या कमरेला घासून मागच्या पत्र्याच्या दारावर आदळली. दाराला पडलेला खळगा मी मुद्दाम ठोकून काढलेला नाही.

स्प्लिटर आणि रायव्हिंग नाइफ यांतला फरक एवढाच आहे आणि तोच सगळा आहे. स्प्लिटर एका जागी खिळलेला असतो, खाच पाडताना काढावा लागतो आणि काढलेला परत लागत नाही. रायव्हिंग नाइफ पात्याबरोबर वर जाते, खाली येते, तिरपी होते, पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहते आणि आरपार न जाणाऱ्या कापातही जागेवरच असते. तिची जाडी पात्याशी जुळली पाहिजे: पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त, दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी. दातांची रुंदी ३.२ आणि पत्रा २.२ मिलिमीटरचा असेल तर २.५ ते २.८ ची नाइफ योग्य. हौसेने २.४ मिलिमीटर चिरेचे पातळ पाते आणून तिथे लावले तर फळी नाइफवर येऊन अडते, माणूस जोर लावतो आणि संकट ओढवून घेतो. त्यामुळे यंत्राबरोबर येणाऱ्या नाइफवर कोरलेली जाडी आधी वाचा आणि पाती त्या मापाची घ्या. नाइफ हत्याराशिवाय, एका खटक्याने काढता-घालता येते का तेही पाहा. ज्याला ॲलन की शोधावी लागते ते फडताळावर जाते.

आपल्या पत्नीच्या काळजीचे उत्तर यातच अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे मुलाच्या सूचनेत. तो सांगतो ती सॉस्टॉप नावाची सॉ स्टीफन गॅस या भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या पेटंट वकिलाच्या १९९९ मधील कल्पनेतून निघाली. पात्यावर विजेचा सूक्ष्म संकेत सोडलेला असतो. त्वचा लागली की तो बदलतो आणि स्प्रिंगच्या जोराने ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो. पाच मिलिसेकंदांच्या आत पाते थांबते. गॅस यांनी ते स्वतःच्या बोटावर करून पाहिले होते. यंत्र खरोखर काम करते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रत्येक वेळी ब्रेकचे काडतूस बदलावे लागते आणि पातेही बहुधा निकामी होते, हा खर्च बोटापुढे काहीच नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ओले लाकूड वीज वाहते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पखालीसारखी ओली फळी घातली तर बोट नसतानाही ब्रेक सुटू शकतो. म्हणून त्या यंत्रांत ब्रेक तात्पुरता बंद ठेवण्याची सोय असते, पण तेवढ्या वेळापुरते बोटांना संरक्षण उरत नाही. दुसरे म्हणजे हा ब्रेक बोट वाचवतो, उसळलेली फळी अडवत नाही. कमरेला लागणाऱ्या फळीला थांबवणारी ती नाइफच. तेव्हा ५० हर्ट्झची आवृत्ती आणि तिची काडतुसे भारतात नियमित देणारा कोणी भेटला व रक्कम ताणण्याची आपली तयारी असली, तर ती जरूर घ्यावी. तसा कोणी न भेटल्यास एका काडतुसासाठी दोन महिने शेड बंद ठेवावी लागेल, हे मुलाला सांगावे.

पत्नीला एवढेही सांगा की सहा इंचांपेक्षा अरुंद पट्टी कापताना आपण हात पुढे नेणार नाही, प्लायची ढकलकाठी वापराल; पात्याच्या रेषेत उभे न राहता डावीकडे उभे राहाल; आणि हातमोजे घालणार नाही, कारण दात मोज्याला पकडून हात आत ओढतात. गळ्यातली माळ, सैल बाही, खांद्यावरचा पंचा हे सगळे शेडच्या दाराबाहेर.

विजेचे काम इलेक्ट्रिशियनच्या मर्जीवर सोडू नका. ३ अश्वशक्ती म्हणजे २.२ किलोवॉट, सिंगल फेजवर पूर्ण भाराला अशी मोटर १४ ते १६ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ती चालवू नये. सी वर्गाचा १६ अँपिअरचा एमसीबी नुसते बटण दाबताच पडू शकतो आणि मग कोणीतरी वायर न बदलता मोठा एमसीबी टाकून देतो, जे अधिक वाईट. मुख्य बोर्डापासून शेडपर्यंत ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र लाइन, वायरला साजेसा एमसीबी, अर्थिंग आणि ओव्हरलोड रिले असलेला स्टार्टर बसवा. घर ते शेड हे अंतर फार असेल तर एक माप जाड वायर घ्या, नाहीतर व्होल्टेज वाटेतच पडते. भुसा ओढणारे यंत्र बरोबरीने चालणार, तेव्हा महावितरणच्या बिलावर छापलेला मंजूर भार वाचा आणि कमी असल्यास वाढवून घ्या.

स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असलीच पाहिजे. वीज जाते, यंत्र थांबते, आपण अडकलेला तुकडा काढायला पात्यापाशी वाकता आणि वीज येते. साधे वर-खाली होणारे बटण असेल तर यंत्र आपोआप सुरू होईल. नो-व्होल्ट कॉइल असेल तर ते पुन्हा बटण दाबेपर्यंत मुकाट उभे राहील. जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या यंत्रांत ही त्रुटी मी वारंवार पाहिली आहे.

भोसरी-चाकणकडून लिलावातले थ्री फेज यंत्र मिळत असेल आणि व्हीएफडी (सिंगल फेजची वीज घेऊन मोटरला थ्री फेज देणारे उपकरण) लावून ते सिंगल फेजवर चालवावे असा विचार मनात आला, तर मोटरची नेमपट्टी वाचा. सिंगल फेज घेणारा व्हीएफडी २३० व्होल्टचे थ्री फेज देतो. आपल्याकडील ३ अश्वशक्तीच्या पुष्कळ मोटर डेल्टा जोडणीत ४१५ व्होल्टसाठी गुंडाळलेल्या असतात. त्या अशा व्हीएफडीवर फिरतील, पण ओढणार नाहीत.

मोटर याहून मोठी घेण्याचा मोह नको. १० इंची पाते सरळ असताना जेमतेम ८० मिलिमीटर खोल कापते. तेवढ्या जाडीच्या शिसमाला ३ अश्वशक्ती पुरते, आणि आपल्या टेबलाचे पाय त्याहून जाड असायचे कारण नाही.

भुशाविषयी सागवानामुळे लिहावे लागते. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे. सागाच्या भुशाने अनेकांच्या मनगटांना व मानेला खाज सुटते, आणि शिसमाची कथा वेगळी नाही. यंत्राच्या पोटात पात्याभोवती स्वतंत्र आच्छादन असावे व त्याला ४ इंची तोंड असावे. पेटीच्या तळाशी नुसते भोक ठेवलेली यंत्रे भुशाने भरतात आणि वरखाली करणारे चाक जाम होते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर या कामाला उपयोगाचा नाही. त्याला जोर असतो, पण वाऱ्याचे आकारमान नसते. दीड-दोन अश्वशक्तीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर घ्या, नळी शक्य तितकी आखूड ठेवा आणि तोंडावर चांगला मास्क असू द्या.

पाती तीन घ्या, पण चांगली घ्या. उभ्या कापासाठी २४ दातांचे, रोजच्या कामाला ४० दातांचे आणि आडव्या कापासाठी ६० किंवा ८० दातांचे. सागवानात सिलिका असते, ती धार खाते. म्हणून दात कार्बाइडचेच हवेत आणि त्यांना धार लावून देणारा माणूस आधीच शोधून ठेवा. रविवार पेठेत बोहरी आळीत चौकशी केलीत तर नाव कळेल. सागाचे तेल पात्यावर चिकटून काळे होते; पाते जळका वास देऊ लागले की ते बोथट झाले असे समजण्याआधी टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश वापरून पाहा.

बिडाचे टेबल पुण्याच्या पावसाळ्यात एका रात्रीत लाल होते. घामाचा पंजा उमटला तर दुसऱ्या दिवशी पाच बोटे मोजता येतात. महिन्यातून एकदा पेस्ट वॅक्स घासावे. सिलिकॉनचा फवारा मारू नये, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. वरून प्लॅस्टिक झाकू नका, त्याखाली दमट हवा अडकते. जुनी सुती चादर पुरे. हत्यारांच्या खणात कापराची वडी ठेवण्याची जुन्या मिस्त्रींची पद्धत मी अजून पाळतो.

यंत्राचे वजन दोनशे ते अडीचशे किलो भरेल. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबतो आणि चार हमाल ते टेबलाच्या पंखांना धरून उचलतात. पंख त्यासाठी नसतात. पंख आणि फेन्सचे रूळ सुटे उतरवून घ्या, पेटीला पट्टे बांधा, दारात साखळी ब्लॉक टांगता आला तर उत्तम. फरशीचा उतार पाहा, कारण धुण्यासाठी उतार दिलेल्या शेडमध्ये यंत्र तीनच पायांवर उभे राहते.

पहिले पंधरा दिवस हलक्या लाकडावर काम करा. सागवान आणल्यावर ते शेडमध्येच काही आठवडे रचून ठेवा, मग उभे काप मापापेक्षा दोन सूत जास्त ठेवून घ्या, दोन दिवस थांबा आणि नंतर शेवटच्या मापाला कापा. ताण सुटून जे वाकायचे ते तोवर वाकलेले असते. पंधरा दिवसांनी डायल पुन्हा खाचेत लावा. नवा पट्टा या काळात बसतो, टेबलाचे चार बोल्टही थोडे सैलावतात, आणि आपण दुकानात घेतलेले वाचन जवळ लिहून ठेवले असेल तर किती सरकले ते लगेच कळेल.